हे बरं, की आधीचं बरं?

सोन्या छत्तीस वर्षांचा होता, डोक्यावर मधोमध विरळ झाला होता, तरी आईपासून इमारतीच्या वॉचमनपर्यंत सगळे त्याला सोन्याच म्हणायचे. तो प्रेमकादंबऱ्यांचे ट्रेलर बनवायचा. सिनेमाचे असतात तसेच, पण पुस्तकांचे. पाऊण मिनिटाचा व्हिडिओ, मंद संगीत, पडद्यावर चार ओळी, खिडकीशी उभं असलेलं कुणीतरी, दारातून निघून जाणारं कुणीतरी आणि शेवटी पुस्तकाचं मुखपृष्ठ. फोनवर सरकणारं वाचकाचं बोट तेवढ्यापुरतं थांबलं की सोन्याचं काम झालं.

गंमत म्हणजे सोन्या स्वतः कादंबऱ्या वाचत नसे. सुरुवातीच्या दोन-तीन वाचल्या, मग त्याला सगळ्या सारख्याच वाटू लागल्या. वाचायची त्याची आई. निवृत्त होईपर्यंत ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी बघायच्या आणि घरी आलं की पुस्तकात डोकं खुपसायचं, हा तिचा जुना शिरस्ता. प्रकाशनाकडून नवीन कादंबरीचा मजकूर आला की सोन्या त्याचे कागद छापून तिच्या उशाशी ठेवायचा. वाचून झाली की सकाळच्या चहाला ती गोष्ट सांगायला बसायची.

“मुलगी मूर्ख आहे,” ती सांगायची, “पण मूर्खपणा खरा आहे तिचा. तो निघून जातो ना, तेव्हा ती त्याच्याकडे बघतच नाही. त्याच्या बॅगेचं एक चाक तुटलंय, त्याच्याकडे बघत राहते. ते चाक घे तू.”

सोन्या ते चाक घ्यायचा. फरशीवर खरखरत जाणारं तुटकं चाक, बाकी काही नाही. तो ट्रेलर हजारो लोकांनी एकमेकांना पाठवला. प्रकाशकबाई म्हणाल्या, “किती बारकाईनं वाचतोस रे तू.” सोन्यानं मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजला.

वडील गेले तेव्हा सोन्या कॉलेजात होता. तेव्हापासून घरात ही दोघंच. सोन्याचं लग्न एकदा ठरता ठरता राहिलं, आणि मग तो विषय कुणी काढला नाही. सकाळचा चहा, आईची गोष्ट, तिची एखाद्या नायकाला घातलेली शिवी, यावर त्याचे दिवस मजेत चालले होते.

मग ती चष्म्याची कादंबरी आली.

ती वाचायला आईला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. सोन्यानं दोनदा विचारलं, तर म्हणाली, “होतंय, होतंय. गाडी चुकतेय का कुणाची?” शेवटी एका सकाळी तिनं कागद टेबलावर ठेवले.

“साठीतली बाई आहे. नवरा नाही. ती नवा चष्मा करते आणि तिला वाटतं नंबर चुकलाय. म्हणून पुन्हा दुकानात जाते. तो पुन्हा तपासतो. नंबर बरोबरच असतो. आठवड्यानं ती पुन्हा जाते.”

“मग?”

“मग तो पुन्हा तपासतो. नंबर चुकलेला नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.”

“शेवटी लग्न करतात का?”

“ते नाही सांगणार. ते तुला ट्रेलरमध्ये घालायचंच नाहीये.”

प्रकाशकबाईंनी फोनवर बजावलं होतं की तरुण मॉडेल नकोत, आणि पंचविशीतल्या पोरांचे केस पांढरे करून आणशील तर दारात उभं करणार नाही. खरी साठीची माणसं शोध. सोन्या चहा पिता पिता आईला हे सांगत होता. अशी माणसं आणायची कुठून, हा त्याला प्रश्नच पडला होता.

“मी बसू का?” आई म्हणाली. ओट्याकडे तोंड करून, कप विसळत.

“तू?”

“बोलायचं थोडंच आहे. नुसतं बसायचंय. आणि चष्मेवाला म्हणशील तर खाली आहेत की आपले. दुकानही आयतं मिळेल.”

चष्मेवाले म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्याचं दुकान चालवणारे आणि दुकानामागच्याच खोलीत राहणारे गृहस्थ. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात कायम एक बारका स्क्रू ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात. समोरच्याचा चष्मा मळलेला दिसला की न विचारता काढून घेऊन पुसून देणार. सोन्याला ते डायरेक्टर म्हणायचे.

“मला अभिनय येत नाही, डायरेक्टर,” ते म्हणाले.

“रोज करता तेच करायचंय.”

“मग जमेल. पण बाई तयार आहेत का?”

“आईनंच सुचवलं.”

चष्मेवाल्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत राहिले.

दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी त्यांनी शूटिंग केलं. शटर अर्धं खाली ओढलं. दुकानभर आरसेच आरसे. कॅमेरा कुठल्या ना कुठल्या आरशात दिसायचाच. सोन्यानं त्यांच्यावर काळी कापडं टाकली, दोन दिवे लावले, उजेड चेहऱ्यावर मऊ पडावा म्हणून थर्मोकोलचा पांढरा तक्ता टेकवून ठेवला. आई ठेवणीतले कपडे घालून आली होती. केस नीट बसवलेले. उंच स्टुलावर बसली आणि म्हणाली, “हनुवटीचं काय करू? दोन दिसतायत का?”

“बाई, हनुवटी माझ्यावर सोडा,” चष्मेवाले म्हणाले, आणि तिघंही हसले.

त्यांनी तपासणीची ती जड, गोल फ्रेम आईच्या नाकावर बसवली. एकेक काच घालायची, काढायची आणि विचारायचं.

“हे बरं, की आधीचं बरं?”

“आधीचं.”

“आता?”

“हे बरं.”

मी थांबा म्हणेपर्यंत चालू ठेवा, असं सोन्यानं सांगितलं होतं. सुरुवातीला दोघं अवघडलेली होती. आई मधूनच कॅमेऱ्याकडे बघायची, चष्मेवाले उगाच घसा खाकरायचे. हळूहळू दोघंही विसरली. सोन्या आहे, दिवे आहेत, हेच विसरली. चष्मेवाल्यांनी मग फ्रेममधल्या सगळ्या काचा काढल्या. दोन मोकळी वर्तुळं राहिली. ते थोडे पुढे वाकले आणि त्यांनी विचारलं, “आता?”

“आता स्पष्ट दिसतंय,” आई म्हणाली.

चष्मेवाले हसले, आवाज न करता. आई हसली नाही. ती नुसती बघत राहिली.

डावा डोळा किंचित मिटून बघायची तिला सवय होती. मायक्रोस्कोपनं लावलेली. जेवण वाढताना, भांडताना, टीव्ही बघताना, सोन्यानं जन्मल्यापासून तिचा तो एक डोळा बारीक केलेला चेहराच पाहिला होता. आत्ता तिचे दोन्ही डोळे पूर्ण उघडे होते. तोंड किंचित विलग झालं होतं. ती अभिनय करत नव्हती. हे कळायला सोन्याला डायरेक्टर असण्याची गरज नव्हती.

सगळे ट्रेलरवाले ज्याची वाट बघतात तो शॉट त्याला मिळाला होता. 

“कट,” तो म्हणाला. गरजेपेक्षा मोठ्यानं. आई दचकली आणि तिनं फ्रेम काढायला हात वर नेला.

दुसऱ्या दिवशी तो एडिटिंगला बसला. शॉट लावला. पुन्हा लावला. ती बाबांकडे कधी अशी बघायची का, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. त्याला फक्त पेपर वाचणारे बाबा आणि ओट्याशी उभी आई एवढंच आठवलं, आणि त्यावरून काही ठरवणं बरोबर नाही हेही त्याला कळत होतं. मग त्यानं लोकांचा विचार केला. इमारतीतले काय म्हणतील, आईच्या लॅबमधल्या मैत्रिणी फोन करून करून तिला चिडवतील, बिचारीला तोंड लपवावं लागेल. हे सगळं आपण तिच्यासाठीच करतोय, असं त्यानं स्वतःला बजावलं. ते पुरतं पटलं नाही, कारण खरं कारण त्याहून लहान होतं. ही खाली गेली तर सकाळी चहाला समोर कोण बसणार? बस, एवढंच होतं.

इंटरनेटवर तयार दृश्यं विकत मिळतात. त्यानं एक जोडपं शोधलं, समुद्राकाठी बाकावर, पाठमोरं. वय कुठलंही म्हणता आलं असतं. त्यावर चार ओळी टाकल्या, संगीत टाकलं आणि ट्रेलर पाठवून दिला.

प्रकाशकबाईंना त्यानं सांगितलं, “आईला नंतर संकोच वाटला. नको म्हणाली.”

“अरेरे. मी बोलू का त्यांच्याशी?”

“नको. ती ऐकायची नाही.”

आईला सांगायला तो स्वयंपाकघरात गेला तेव्हा ती कांदा चिरत होती.

“मॅडमना तो शॉट पसंत नाही पडला.”

सुरी थांबली. “का? काय म्हणाल्या?”

“म्हणजे, वाचकांना असे चेहरे...” त्याला पुढचं सुचेना. आई वाट बघत होती. थाप टिकायची तर तिला काहीतरी टेकू हवा होता. “चेहरा थकलेला वाटतो म्हणाल्या.”

“असं म्हणाल्या?”

“हो.”

“खरंच आहे,” आई म्हणाली. “थकलेलाच आहे.” आणि पुन्हा कांदा चिरू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, “चष्मेवाल्यांना तू सांग. मला नाही जमायचं.”

तो खाली गेला. चष्मेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाईंना वाईट वाटलं असेल ना?”

“नाही, उलट सुटल्यासारखंच वाटलं तिला,” सोन्या म्हणाला. हे बोलायची काही गरज नव्हती. एकदा सुरुवात झाली होती, म्हणून तेही बोलून गेला.

“असं होय,” चष्मेवाले म्हणाले, आणि काउंटरवरचा आरसा उगाच सरळ केला.

त्यानंतर आईनं दुकानावरून जाणं सोडलं. भाजी आणायला जायची ती मागच्या दारानं. तिच्या चष्म्याची काडी सैल झाली, तर तिनं ती लॅबमधल्या पांढऱ्या चिकटपट्टीनं गुंडाळून टाकली.

“खाली जाऊन बसवून घे ना,” सोन्या म्हणाला.

“चालतंय की.”

गोष्टी ती अजून सांगायची, पण कशा? “एक मुलगा, एक मुलगी. भेटतात, बिनसतं, जुळतं. घाल तुला काय घालायचं ते.” कुठल्या नायकाला शिवी नाही, की कुठलं चाक नाही. एकदा सोन्या टॉवेल घ्यायला गेला, तर न्हाणीघराचं दार उघडंच होतं. आई आरशासमोर उभी राहून दोन बोटांनी गालाची कातडी मागे ओढून बघत होती. तो दिसताच तिनं तोंड उघडून दाढ तपासल्यासारखं केलं.

“दुखतेय का?”

“थोडी.”

तो खोलीत येऊन पलंगावर बसला. आत जाऊन सगळं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. उठलाही. मग फोन वाजला आणि तो फोनवर बोलत बसला.

ट्रेलर बेताचाच चालला. खाली एका वाचक बाईनं लिहिलं होतं, “साठीतल्या बाईची गोष्ट आहे ना, मग तिचा चेहरा कुठे आहे? त्यात लपवण्यासारखं काय?” सोन्यानं ते वाचलं आणि लॅपटॉप मिटला. मग तो आईची बडदास्त ठेवू लागला. तिच्यासाठी नवी आरामखुर्ची आणली, पाठीला उशी आणली, बाहेर जेवायला नेलं. हॉटेलात ती त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाली, “काय रे, काम सुटलं की काय तुझं?”

जिन्यात एकदा चष्मेवाले भेटले.

“बाई बऱ्या आहेत ना? काडी सैल झालीय त्यांची. गॅलरीत दिसल्या होत्या.”

“बरी आहे.”

“मुलगी बोलावतेय,” ते म्हणाले. “किती वर्षं म्हणतेय. आता म्हटलं, जावं. दुकान देऊन टाकतोय. महिनाअखेरपर्यंत आवरतो.”

त्या क्षणी बोलायला हवं होतं. समोर माणूस उभा होता, जिन्यात तिसरं कुणी नव्हतं, आणि अजून सगळं हातात होतं. सोन्या म्हणाला, “अरे वा. मुलीला बरं वाटेल.”

“हो, तिला बरं वाटेल,” चष्मेवाले म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस त्यानं हेही आईला सांगितलं नाही.

कादंबरीचं प्रकाशन एका पुस्तकांच्या दुकानात होतं, दुपारी. आई म्हणाली, मी येते, मला पुस्तक आवडलंय. ती मागच्या रांगेत बसली, चिकटपट्टीचा चष्मा लावून. लेखिकेनं एक पान वाचून दाखवलं. मग कागदी कपांतून कॉफी आली आणि लोक घोळक्यानं बोलू लागले. प्रकाशकबाई गर्दीतून वाट काढत थेट या दोघांकडे आल्या. आईला त्या पहिल्यांदाच भेटत होत्या.

“तुम्ही याच्या आई ना? अहो, तुम्ही नको म्हणालात तेव्हा किती हळहळले मी. याला म्हटलंसुद्धा, मी स्वतः येते, त्यांची समजूत घालते. पण हा म्हणाला, त्या ऐकायच्या नाहीत.”

सोन्याच्या हातातला कप वाकला, थोडी कॉफी बोटांवर सांडली. आईनं बाईंकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही.

“हो ना,” ती म्हणाली. “मलाच नको वाटलं. म्हटलं, या वयात कशाला.”

“अहो, या वयातच तर...”

“चुकलंच माझं. याची मेहनत फुकट गेली बिचाऱ्याची.”

इतकं सहज बोलली की प्रकाशकबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि पुढच्या पुस्तकाला तरी हो म्हणा, असं वचन मागितलं. आई म्हणाली, बघू. सोन्या शेजारी खांबासारखा उभा होता. तिनं चारचौघांत त्याच्या कानाखाली वाजवली असती तर त्याला हलकं वाटलं असतं.

दोघं चालत घरी निघाली. रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा तो म्हणाला, “आई, मी...”

“घरी चल.”

घरी आल्यावर ती चपला न काढताच जुन्या खुर्चीत बसली. नव्या आरामखुर्चीत नाही.

“सांग.”

त्यानं सगळं सांगितलं. काहीच वगळलं नाही. सकाळच्या चहाचंसुद्धा सांगितलं.

“म्हणजे त्यांनी तो शॉट बघितलाच नाही?”

“नाही.”

“मग थकलेला चेहरा कोण म्हणालं?”

“मी.”

आईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. “तू सरळ म्हणाला असतास की आई, मला हे बघवत नाही, तर मी भांडले असते तुझ्याशी. पण ऐकलंही असतं कदाचित. तू तसं नाही केलंस. तू मला म्हातारी म्हणालास, तेही दुसऱ्याच्या तोंडून. आणि मी रोज आरशात बघत बसले, की त्या बाईला काय दिसलं असेल.”

“चुकलो मी.”

“चुकलासच.”

“मग तिथे सावरून का घेतलंस?”

“तुझं काम आहे तिथे. आणि चारचौघांत मुलाला खोटं पाडायची मला सवय नाही. त्याचा अर्थ माफ केलं असा लावू नकोस.”

तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, “आणखी एक आहे. चष्मेवाले दुकान सोडून मुलीकडे चाललेत. कायमचे.”

“तुला कधी कळलं?”

“झाले पंधरा दिवस.”

ती उठली. चपला पायात होत्याच. काही न बोलता दार उघडून खाली गेली. सोन्या बसून राहिला. तिच्या मागून जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना. बऱ्याच वेळानं ती वर आली तेव्हा चष्म्यावरची चिकटपट्टी निघाली होती.

“मी त्यांना काही सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “फक्त काडी बसवून घेतली. बाकीचं तू बोलायचंस. तुझं तू निस्तर.”

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन दुकानात गेला. भिंतीवरच्या निम्म्या फ्रेम उतरवल्या होत्या, खोक्यांत कागद भरणं चालू होतं. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चष्मेवाले काचांचे छोटे डबे एकावर एक रचत ऐकत राहिले.

“मला वाटलं, मी फार जवळ वाकलो,” ते शेवटी म्हणाले. “बाईंना ते रुचलं नसणार. त्यांना सुटल्यासारखं वाटलं, असं तुम्ही म्हणालात ना, तेव्हा खात्रीच झाली. मग मुलीला फोन करून हो म्हणालो.”

 सोन्यानं लॅपटॉप उघडून शॉट लावला. चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो बघितला.

“पुन्हा एकदा लावता?”

त्यानं पुन्हा लावला.

“आता मागे फिरता येत नाही,” चष्मेवाले म्हणाले. “मुलीनं माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. नातवंडांनी आपली खेळणी हलवलीत. त्यांना काय सांगू?” ते रागावले नव्हते. सोन्याला वाटलं, रागावले असते तर बरं. “काम मात्र चांगलं आहे हो तुमचं, डायरेक्टर.”

त्या संध्याकाळी आईनंही तो शॉट बघितला. एकदाच. बघताना डावा डोळा बारीक केला होता.

“लोकांना नाही दाखवायचा हा,” ती म्हणाली. “चष्मेवाल्यांना एक पाठव आणि तुझ्याकडचा पुसून टाक.”

“आई, मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला शॉट आहे हा.”

“ठाऊक आहे.”

तिच्यासमोरच त्यानं तो पाठवला आणि आपल्याकडचा पुसला. मग प्रकाशकबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं.  त्या म्हणाल्या, पुढची दोन-तीन पुस्तकं दुसऱ्या कुणाकडे देते, नंतर बघू. तो बरं म्हणाला. 

महिनाअखेरीला चष्मेवाले गेले. खोकी गाडीत चढवायला सोन्या गेला होता. आई खाली आली, दोघं शटरपाशी उभी राहून थोडा वेळ बोलली, काय ते त्यानं ऐकलं नाही. तो मुद्दाम गाडीच्या पलीकडल्या बाजूला दोरी बांधत राहिला. नंतर फोन सुरू झाले. आधी आठवड्यातून एकदा, मग कधीही. आई फोन घेऊन गॅलरीत जायची आणि दार लोटून घ्यायची. दाराआडून त्याला तिचं हसू ऐकू यायचं. सकाळी चहाला ती समोर बसायची, त्याच्याशी नीट बोलायची, पण दोघांत एक कायमचं अंतर पडलं होतं. ते मिटवायला तो काही ना काही बोलत राहायचा, आणि ती ऐकून घ्यायची.

थंडी सरल्यावर एके दिवशी ती म्हणाली, “मी जाऊन येतेय चार दिवस. त्यांच्या मुलीनंच बोलावलंय.” बस स्टँडवर त्यानं बॅग वर चढवून दिली. तिनं खिडकीतून त्याला हात केला आणि लगेच पुस्तक उघडलं.

पोचल्यावर तिचा फोन आला.

“आले बरं का नीट. खोली छान आहे. अरे, मी त्यांना विचारलं, तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी कोण म्हणून सांगायचं? तर म्हणतात, सांगा, जुनं गिऱ्हाईक आहे. नंबर चुकलाय म्हणून भांडायला आलीय.”

ती खळखळून हसली. मागे चष्मेवाल्यांचा आवाज ऐकू आला, कुठल्यातरी मुलाला ते चष्मा नीट धर म्हणून सांगत होते. सोन्याही हसला.

“परत कधी येतेस?” त्यानं विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

आईचं हसणं थांबलं. “चार दिवस म्हटलंय ना. का रे?”

“काही नाही. घाई करू नकोस,” तो म्हणाला. “वाटलं तर आणखी राहा.”

“बघू,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आपण म्हटलं ते मनापासून होतं का, याचा सोन्या बराच वेळ विचार करत राहिला. ते मनापासून असावं, अशी त्याची फार इच्छा होती.